रात्री जागणारा मुलगा, पहाटे उठणारे आजोबा आणि मधला मोबाइल

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मोबाइलविषयी आहेत. बहुतेकांनी घरातील माणूस दिवसाला किती तास मोबाइल पाहतो हे काटेकोरपणे मोजून कळवले आहे. तो किती वाजता पाहतो, हे मात्र फारच थोड्यांनी लिहिले आहे. माझ्या मते आधी विचारायला हवा तो दुसरा प्रश्न. तो ज्यांच्या पत्रांत दडलेला होता अशी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रांचा मजकूर आटोपशीर केला असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेत आहे. रात्री दीड-दोनपर्यंत त्याच्या हातात मोबाइल असतो. सकाळी साडेसहाला क्लासची बॅच असल्याने पावणेसहाला त्याला अक्षरशः ओढून उठवावे लागते. रविवारी तो साडेदहापर्यंत झोपतो, म्हणून त्याचे बाबा त्याला ‘सूर्यवंशी’ म्हणतात आणि त्यावरून रोज खटके उडतात. मे महिन्यात आम्ही आठ दिवस मोबाइल कपाटात ठेवला, तर हा एक वाजेपर्यंत गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. यांच्या घराण्यात सगळे दहाला झोपणारे. माझे वडील मात्र रात्री उशिरापर्यंत वाचत बसत. त्याला मोबाइलचे व्यसन लागले आहे का? — एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची दोन वाक्ये तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. एक गॅलरीतील येरझाऱ्यांचे आणि दुसरे तुमच्या वडिलांचे.

मोबाइल हेच जागरणाचे एकमेव कारण असते, तर तो कपाटात गेल्यावर मुलाची झोप हळूहळू अलीकडे यायला हवी होती. पहिले दोन-तीन दिवस सवय मोडल्यामुळे चुळबुळ होते, हे मान्य. आठव्या रात्रीही तो एक वाजता टक्क जागा असेल, तर त्याला झोप येत नसल्यामुळे मोबाइल हाती येतो, ही शक्यताही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

प्रत्येकाच्या शरीरात झोप आणि जाग यांचे स्वतःचे वेळापत्रक असते. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकांना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो आणि तो हे घड्याळ चालवतो. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये काळजीपूर्वक मोजले, तेव्हा माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा निघाला. म्हणजे हे घड्याळ मुळातच थोडे मागे पडणारे आहे आणि उजेड त्याला रोज नव्याने लावतो. सकाळचा उजेड ते पुढे सरकवतो, त्यामुळे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो, त्यामुळे झोप लांबते. कोणाचे घड्याळ जात्याच जलद असते, कोणाचे संथ. या कलाला संशोधक ‘क्रोनोटाइप’ म्हणतात. तो ओळखण्यासाठी हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये तयार केलेली १९ प्रश्नांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. दोन्ही टोकांना थोडी माणसे असतात आणि बहुतेक जण मधल्या पट्ट्यात येतात.

हा कल काही अंशी वारशाने येतो. २०१९ मध्ये सुमारे सात लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सकाळच्या कलाशी जोडलेल्या ३५१ जागा जनुकसंचात सापडल्या. तरीही सकाळच्या बाजूची जनुके सर्वाधिक असलेले पाच टक्के लोक आणि सर्वांत कमी असलेले पाच टक्के लोक यांच्या झोपेच्या वेळेत सरासरी फरक जेमतेम २५ मिनिटांचा होता. आजोबांकडून नातवाकडे कल येऊ शकतो, पण रात्रीचे दोन वाजवायला इतरही बरेच काही लागते, असा याचा अर्थ.

त्यांपैकी मोठी गोष्ट म्हणजे वय. म्युनिकमधील टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की पौगंडावस्थेत झोपेची वेळ वर्षागणिक उशिराकडे सरकत जाते, विशीच्या सुमारास ती सर्वांत उशिराची होते आणि तेथून परत अलीकडे येऊ लागते. सतराव्या वर्षी मुलगा रात्रीचा राजा होतो, यात त्याच्या आळसाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो.

आता व्यसनाकडे येऊ. जर्मनीतील क्रिस्टोफ रँडलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये किशोरवयीन मुलांचा या अंगाने अभ्यास केला. रात्रीचा कल असलेल्या मुलांत स्मार्टफोनच्या आहारी जाण्याची लक्षणे अधिक आढळली. विशेष म्हणजे मुले किती तास झोपतात यावरून जेवढा अंदाज बांधता येत होता, त्यापेक्षा चांगला अंदाज त्यांच्या कलावरून बांधता येत होता. मात्र असे अभ्यास एका वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असतात. दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे त्यांतून कळते. कोणती कोणामुळे घडते, ते कळत नाही.

माझ्या अनुभवात हे दोन्ही बाजूंनी घडते आणि म्हणूनच तिढा पडतो. तुमच्या घरी रात्री साडेअकरानंतर काय होते, ते डोळ्यांसमोर आणा. सगळे झोपलेले, दिवाणखान्यातला दिवा बंद, बोलायला कोणी नाही, आवाज करायची सोय नाही, आणि मुलगा मात्र पूर्ण जागा. पूर्वी अशा वेळी हाताशी पुस्तक किंवा कानाशी बारीक आवाजात लावलेला रेडिओ असे. तुमच्या वडिलांच्या हाती ते पुस्तक होते. आज त्या रिकाम्या दोन तासांत उशाशी असते ते एकच साधन, आणि त्याची रचनाच अशी की एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी सुरू व्हावी. पुस्तकाला निदान प्रकरणे असतात! पडद्याचा उजेड आणि त्याहून अधिक त्यातली गुंतवणूक यांमुळे एकची वेळ दोनवर जाते. सकाळी पावणेसहाला ओढून उठवलेला मुलगा चार तासांच्या झोपेवर दिवस काढतो आणि अपुऱ्या झोपेने सर्वांत आधी ढिला पडतो तो स्वतःला आवरण्याचा लगाम. त्यामुळे पुढच्या रात्री ‘आता पुरे’ म्हणणे आणखी अवघड होते.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून थोडा हिशेब मांडून पाहा. क्लासच्या दिवशी तो पावणेदोनला झोपतो आणि पावणेसहाला उठतो असे धरले, तर झोपेचा मध्यबिंदू पावणेचारला येतो. रविवारी तो अडीच ते साडेदहा झोपत असेल, तर मध्यबिंदू साडेसहाला येतो. या दोहोंतील पावणेतीन तासांच्या अंतराला रोनेनबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असे नाव दिले. तुमचा मुलगा दर शनिवारी रात्री घरबसल्या दूरच्या देशात जातो आणि सोमवारी पहाटे परत येतो, असे समजा. रविवारच्या झोपेत आठवड्याची थकबाकीही वसूल होत असते, हे खरे. तिची वजावट केली तरी अंतर उरतेच. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि त्याला सहा दिवस तिच्या निम्म्यानेच मिळते.

नाशिकचा सूर्यही या गोष्टीत सामील आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक त्याच्या पुष्कळच पश्चिमेला आहे, त्यामुळे तुमच्याकडे सूर्य घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटे मागे चालतो. नागपूरकर तुमच्यापेक्षा सुमारे वीस मिनिटे आधी सूर्य पाहतात, पण बॅचची वेळ दोन्हीकडे साडेसहाच. जानेवारीत नाशिकचा सूर्योदय सातनंतर होतो. म्हणजे मुलगा अंधारात घर सोडतो, उजाडते तेव्हा तो ट्यूबलाइटखाली गणिते सोडवत असतो, आणि ज्या उजेडाने त्याचे घड्याळ अलीकडे यायचे तो उजेड त्याला मिळतच नाही. लक्स या उजेडाच्या मापाने घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशेच्या घरात असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर तो कित्येक हजार लक्स असतो. डोळ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही, मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो पुरता जाणवतो.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील कोलोराडो राज्यात आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबू ठोकून राहायला नेले होते. विजेचा दिवा नाही, मोबाइल नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. त्यांची घड्याळे साधारण दोन तास अलीकडे आली आणि मुख्य म्हणजे रात्रीचा कल असणारे व सकाळचा कल असणारे यांच्यातील अंतर बरेच मिटले. काही अंशी कल जन्मजात आहे आणि काही अंशी आपण दिवसा अंधारात व रात्री उजेडात राहून तो फुगवतो, हे यावरून दिसते.

म्हणून आधी बॅच बदलता येते का ते पाहा. सायंकाळची बॅच मिळाली, तर अर्धे भांडण तेथेच मिटेल. अशा मुलांचे डोके सायंकाळी सात ते दहा या वेळेत उत्तम चालते आणि अवघड विषय त्याच वेळेत ठेवावेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेच्या विचारातूनच. गंमत अशी की वयाच्या ज्या टप्प्यावर घड्याळ सर्वांत मागे पडते, त्या बारावीच्या मुलांना त्यातून काहीच मिळाले नाही. कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून उलट विचार केला आणि मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवायला मनाई केली.

बॅच बदलणे शक्य नसेल, तर क्लास सुटल्यावर अर्धा तास त्याला उघड्यावर चालत किंवा सायकलने येऊ द्या. रिक्षाने किंवा गाडीने आणू नका. रविवारी त्याला आठ-साडेआठच्या पुढे झोपू न देणे आणि वाटल्यास दुपारी अर्धा तास झोपू देणे, याने रविवार रात्रीचे जागरण कमी होते. रात्री नऊनंतर त्याच्या खोलीतील ट्यूब बंद करून टेबलावरचा पिवळा दिवा लावा. मोबाइल हिसकावून घेऊ नका, त्याची जागा बदला. चार्जर दिवाणखान्यात असावा आणि रात्री अकराला घरातल्या सर्वांचे मोबाइल तेथे जावेत, बाबांचासुद्धा. ‘मला गजरासाठी मोबाइल लागतो’ हे कारण मुले हमखास पुढे करतात; त्याला गजराचे साधे घड्याळ आणून द्या. क्लासच्या नोट्स व्हॉट्सअॅपवर येत असतील, तर आठवड्यातून एकदा त्यांच्या प्रती काढून आणा, नाहीतर अभ्यासाच्या वाटेने मोबाइल पुन्हा अंथरुणात येतो. आणि अकरा ते साडेबारा या वेळेत त्याला झोप आली नाही, तर मंद उजेडात करायचे काहीतरी त्याच्याकडे असू द्या: छापील पुस्तक, चित्रे, पेटी असेल तर तिच्या भात्याशी न खेळता नुसते स्वर शोधणे, काहीही. झोप न आलेल्या मुलाला अंधारात छताकडे बघत पडून राहा म्हणणे ही शिक्षा आहे, आणि त्या शिक्षेतून तो मोबाइलकडेच पळेल.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाविषयी तुम्ही वाचले असेल. तेथे २०२२ पासून रोज सायंकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. या उपक्रमाविषयी मला आदर आहे, कारण तेथे मुलांबरोबर मोठेही पडदा बंद करतात. मात्र तुमच्या मुलासारख्यांचा कसोटीचा काळ रात्री साडेअकरानंतर सुरू होतो आणि तेव्हा कोणताही भोंगा वाजत नाही.

व्यसन आहे का, या तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराला स्थान दिले आहे. ‘मोबाइलचे व्यसन’ असे निदान त्यात नाही. गेमिंगच्या विकाराची खूण अशी की माणसाचा खेळावरचा ताबा सुटतो, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चालते. तुमचा मुलगा दुपारी मोबाइल घरी विसरून मित्रांबरोबर क्रिकेट खेळायला जातो, असे तुम्हीच पुढे लिहिले आहे. व्यसनी माणूस मोबाइल विसरत नाही. तरीही तो एकलकोंडा झाला, दिवसाही मोबाइलवाचून अस्वस्थ होऊ लागला, जेवण किंवा आंघोळ टाळू लागला, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर झोपेच्या उपायांवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलिमानस’ या शासकीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा आहे.

आणि ‘सूर्यवंशी’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा, असे त्याच्या बाबांना माझ्यातर्फे सांगा.

प्रश्न : मोबाइलला ‘नाइट मोड’ लावला आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला, तर रात्री मोबाइल पाहायला हरकत नाही ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : हरकत आहेच, पण वेगळ्या कारणासाठी. डोळ्याच्या पडद्यात घड्याळाला उजेडाची खबर देणाऱ्या काही वेगळ्या पेशी असतात आणि त्या निळसर उजेडाला अधिक प्रतिसाद देतात, हे २००२ पासून ठाऊक आहे. त्यावरूनच हे मोड आणि चष्मे निघाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांनी ओळीने पाच रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास उजेड देणाऱ्या पडद्यावर वाचन केले. त्यांचे मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक, दबले आणि घड्याळ दीड तास मागे पडले; प्रत्यक्षात झोप लागायला मात्र छापील पुस्तकाच्या मानाने दहाच मिनिटे जास्त लागली. तेही पडदा पूर्ण प्रखर आणि खोली मंद उजेडाची असताना. तुमची झोप रोज दोन तास लांबत असेल, तर त्याचा सगळा दोष निळ्या रंगाला देता येणार नाही. पिवळ्या पडद्यावरही क्रिकेटचा सामना तितकाच रंगतो आणि गटावरचा वाद तितकाच पेटतो. चष्म्याचे पैसे वाचवा.

प्रश्न : मी एकतीस वर्षांची असून पुण्यात एका कंपनीत अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम करते. कामाची वेळ सायंकाळी साडेपाच ते रात्री अडीच आहे. घरी पोहोचते तेव्हा सव्वातीन वाजतात. झोप आलेली असते, तरीही अंथरुणावर पडून तासभर रील्स पाहते. काय पाहिले ते सकाळी आठवतही नाही. सुट्टीच्या दिवशी मी आपणहून साडेदहाला झोपते आणि सातला उठते. मी रात्रीची माणूस आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. सुट्टीच्या दिवशी शरीर जे सांगते ते खरे धरावे, आणि तुमचे शरीर सकाळकडे झुकलेले आहे. तुम्ही नोकरीपुरत्या रात्रीच्या आहात. नाशिकच्या मुलाचे दुखणे उलटे करून पाहा, म्हणजे तुमचे दुखणे दिसेल. त्याला झोप येत नाही म्हणून तो मोबाइल पाहतो. तुम्हाला झोप आलेली असूनही तुम्ही मोबाइल पाहता.

झोपायला कोणतीही अडचण नसताना झोपणे लांबवत राहण्याच्या या वागण्याकडे नेदरलँड्समधील फ्लोर क्रूसे यांनी २०१४ मध्ये संशोधकांचे लक्ष वेधले. त्यांनी ते चालढकलीच्या स्वभावाशी जोडले. नंतरच्या संशोधकांनी मात्र अशी आठवण दिली की उशिरा झोप येणाऱ्यांना लवकर झोपायला लावले, तर तेही ‘चालढकल’ करताना दिसतात आणि त्यांत त्यांचा स्वभाव कारण नसतो. म्हणून मी नेहमी आधी विचारतो: त्या वेळी डोळे जड असतात का? तुमचे असतात. मग तो तासभर कशासाठी हवा असतो?

माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. साडेपाच ते अडीच हा वेळ ग्राहकाचा, दुपार घरकामाची आणि सासरच्या माणसांची. सव्वातीन ते सव्वाचार हा चोवीस तासांतला असा एकच तास आहे, ज्यात तुमच्याकडे कोणी काही मागत नाही. तो सोडवत नाही. हे व्यसनापेक्षा भुकेच्या अधिक जवळचे आहे. तो तास काढून टाकण्याचा प्रयत्न करू नका; तो दुपारी एक ते दोन असा हलवा आणि त्या वेळी दार लावून घेण्याचा हक्क घरच्यांकडून मागून घ्या. त्याशिवाय सव्वातीनला मोबाइल खाली ठेवण्याचा कोणताही निश्चय टिकणार नाही.

बाकी दोन बारीक सूचना. मध्यरात्रीनंतर चहा-कॉफी घेऊ नका. कॉफीतले कॅफीन निम्मे व्हायलाच सुमारे पाच तास लागतात. आणि खोलीला जाड पडदे लावा, म्हणजे सहाच्या उजेडाने झोप मोडणार नाही. मेलाटोनिनच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका, कारण त्या कोणत्या वेळी घेतल्या यावर घड्याळ पुढे जाणार की मागे हे ठरते. पुढेमागे कामाची वेळ बदलण्याची संधी आली, तर पगारात थोडे कमी पडले तरी तिचा विचार करा, असे मी आग्रहाने सांगेन. सकाळच्या माणसाने वर्षानुवर्षे रात्र ओढणे शरीराला महागात पडते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय सदुसष्ट आहे. आयुष्यभर पहाटे पाचला उठलो. आता साडेतीनलाच जाग येते. पत्नीची झोप मोडू नये म्हणून पांघरुणात मोबाइल घेऊन शुभप्रभातचे संदेश पाठवतो, बातम्या आणि शेअरचे भाव पाहतो. पाहता पाहता सहा वाजतात. रात्री साडेआठलाच डोळे मिटू लागतात. मोबाइलच्या आहारी रात्री जागणारेच जातात आणि लवकर उठणारे सुरक्षित असतात, असे वाचले होते. मग माझे हे काय आहे? — एक वाचक, वाई

उत्तर : सरासरी ही गर्दीची असते, गुरुजी, तुमची एकट्याची नव्हे. रात्रीचा कल असणाऱ्यांत हे प्रमाण अधिक आढळते, एवढेच त्या अभ्यासांचे म्हणणे आहे. धोका खरे तर त्या एकाकी वेळेत असतो, जेव्हा आपण जागे असतो आणि घर झोपलेले असते. नाशिकच्या मुलाला ती वेळ मध्यरात्री गाठते, तुम्हाला पहाटे.

पूर्वी गावात या वेळीही एक जण जागा असायचा. पिंगळा. पिंगळा नावाच्या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असे सांगत, कंदील आणि कुडमुडे घेऊन तो उजाडण्यापूर्वी दारोदार भविष्य सांगत फिरे. नाव घुबडाच्या जातीतल्या पक्ष्याचे आणि कामाची वेळ भल्या पहाटेची! आता पहाटेची भविष्ये शेअरबाजाराच्या गटावर येतात.

वयाबरोबर घड्याळ अलीकडे सरकते, हे स्वाभाविक आहे. साडेआठला झोपणाऱ्याला साडेतीनला जाग आली, तर सात तास झोप पूर्ण झालेली असते. त्यात आजार काहीच नाही. मात्र तुम्ही पहाटे चार वाजता डोळ्यांसमोर उजेड धरता, तेव्हा घड्याळाला सकाळ झाल्याचा निरोप जातो आणि ते आणखी अलीकडे येते. मोबाइल तुमची पहाट भरून काढता काढता तिला अधिक लवकर आणतो. सतरा वर्षांच्या मुलाला जो सकाळचा उजेड औषध म्हणून सांगितला, तो तुमच्यासाठी उलटा पडतो. तुम्ही उजेड सायंकाळी घ्या: पाच ते साडेसहा कृष्णेच्या घाटावर फिरा, घरी आल्यावर साडेनऊपर्यंत चांगल्या उजेडात बसा, जेवणानंतर लगेच आडवे होऊ नका. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांवर आणा. दोन-तीन आठवड्यांत जाग साडेचारच्या पुढे गेली, तरी पुष्कळ झाले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. पहाटे जाग आल्यावर मन कसे असते? उदास, निराश, आता कशासाठी उठायचे असे वाटत असेल, जेवणावरची वासना कमी झाली असेल, तर लवकर जाग येणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते आणि निवृत्तीनंतर ते सहज नजरेआड होते. तसे असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. तसे नसेल, तर जाग आल्यावर अंथरुणात न लोळता उठा, बाहेरच्या खोलीत मंद दिवा लावा आणि चहा करा. मोबाइल रात्रीच स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलेला असावा. शेअरबाजार सव्वानऊला उघडतो. पहाटे चारला तुम्ही जे भाव पाहता ते कालचेच असतात.

शुभप्रभातचे संदेश साडेसातनंतर पाठवा. तुमच्या गटातल्या चार-पाच जणांचा मोबाइल उशाशी असणार, आणि त्यातला एखादा नुकताच, दोन वाजता, झोपलेला असणार.